चरबी जाते कुठे?

गोंदिया, तिरोडा, आमगाव, देवरी अशा कुठल्याही गावात पहाटे रस्त्यावर आलं की धावणारी मुलं-मुली दिसतात. कुणी पोलीस भरतीची तयारी करतं. तिथे पुरुषांना १६०० मीटर आणि स्त्रियांना ८०० मीटर धावावं लागतं. कुणी कॉलेज सुटल्यापासून सुटलेलं पोट कमी करायला निघालेलं असतं. यांच्यापैकी एखाद्याला विचारून पाहा, "तुझी दोन किलो चरबी कमी झाली, ती गेली कुठे?" उत्तरं साधारण तीन मिळतात : घामावाटे गेली, तिची ऊर्जा झाली किंवा तिचे स्नायू झाले.

तिन्ही उत्तरं चूक आहेत. रासायनिक क्रियेत अणू नाहीसे होत नाहीत, हे आपणच वर्गात शिकवतो. मग चरबीतल्या अणूंचं काय होतं?

साठवलेल्या चरबीच्या एका नमुनेदार रेणूत कार्बनचे ५५, हायड्रोजनचे १०४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. त्याचं पूर्ण ज्वलन व्हायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे ५५ व पाण्याचे ५२ रेणू तयार होतात. (मुलांकडून दोन्ही बाजूंचे अणू मोजून घ्यावेत.) मीरमन आणि ब्राउन या ऑस्ट्रेलियातील दोघांनी २०१४ साली हा हिशोब पुढे नेला. १० किलो चरबीतली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने उच्छ्वासावाटे जाते आणि उरलेली १.६ किलो पाणी होऊन. म्हणजे चरबी बाहेर पडायची मुख्य वाट आहे फुप्फुसं!

मग बसल्या जागी जोरजोरात श्वास घेतला तर? नाही चालणार. शरीराला ऊर्जेची गरज लागेल तेवढंच इंधन जळतं. उगाच भराभर श्वास घेतल्याने फक्त चक्कर येते. तसंच, प्लॅस्टिकचं जाकीट घालून धावल्याने काटा खाली येतो तो घामाचा. तांब्याभर पाणी प्यायलं की वजन परत जागेवर. पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरणारं वजनही बरंचसं पाण्याचंच असतं. स्नायूंत व यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. ते आधी जातं.

आता धानाच्या जिल्ह्याला शोभेल असा हिशोब करू. एक किलोमीटर धावायला दर किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी लागते. ७० किलोचा तरुण पाच किलोमीटर धावला की ३५० किलोकॅलरी खर्च झाल्या. १०० ग्रॅम तांदळात साधारण एवढीच ऊर्जा असते. आणि शरीरावरची एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० किलोकॅलरी, म्हणजे असे बावीस दिवस! धावून आल्यावर दोन आलूबोंडे आणि गोड चहा घेतला, तर त्या दिवसाचा हिशोब जवळपास तिथेच फिटतो.

कॉलेजनंतरच वजन का वाढतं, हेही यातून कळतं. रोज सात-आठ किलोमीटर सायकल हाणत तालुक्याला जाणारा मुलगा नोकरी लागताच मोटारसायकल घेतो आणि खुर्चीत बसतो. ताटातला भात मात्र तेवढाच राहतो. केविन हॉल व सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या गणितानुसार, रोज २४ किलोकॅलरी जास्त झाल्या की अखेरीस सुमारे एक किलो वजन वाढतं. निम्मं पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ सगळं तीन वर्षांत. म्हणजे रोज मूठभर तांदूळ जास्त झाला, तर तीन वर्षांत चार-पाच किलो. उलट दिशेनेही गणित तेच आहे. म्हणून उपास करण्यापेक्षा मूठभर भात कमी करावा आणि त्या जागी डाळ, अंडं किंवा मामा तलावातली मासळी घ्यावी.

पण वजन म्हणजेच चरबी का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, निर्देशांक २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असूनही आपल्याकडच्या माणसांत चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. मधुमेह आपल्याला कमी वजनातही गाठतो, त्यामागे हे एक कारण आहे.

इथेच व्यायामाचं खरं काम दिसतं. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून विश्रांतीतली नाडी हळूहळू उतरते. काटा हलला नाही तरी हे फायदे होतातच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चालणं किंवा तत्सम श्रम हवेत, शिवाय दोन दिवस जोर-बैठकांसारखा स्नायूंचा व्यायाम.

पूर्व विदर्भातल्या शिक्षकांनी एक गोष्ट विसरू नये. इथे सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहकाला एरवी त्रास नसतो, आणि व्यायाम त्याला वर्ज्यही नाही. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून धावल्यास स्नायूंच्या पेशी फुटून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. अमेरिकी सैन्यातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ सालच्या अभ्यासात हा धोका वाहकांना ५४ टक्क्यांनी जास्त आढळला. मृत्यूचं प्रमाण मात्र वाढलेलं नव्हतं. म्हणून भरतीची तयारी करणाऱ्यांनी रक्त तपासून घ्यावं, अंतर आठवड्या-आठवड्याने वाढवावं, मे महिन्यात ऊन चढण्याआधी धावणं संपवावं आणि पाणी जवळ ठेवावं. धावताना स्नायू खूप दुखू लागले किंवा अशक्त वाटलं, तर तिथेच थांबावं. लघवी काळपट झाली तर लगेच दवाखाना गाठावा. ज्याला प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार आहे, त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा सराव सुरू करू नये.

शेवटी एक बिनखर्चाचा प्रयोग. आपल्या उंचीएवढी सुतळी घ्या, ती मधोमध दुमडा आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती गुंडाळा. टोकं जुळली तर ठीक. जुळली नाहीत, तर पोटात चरबी जास्त साठल्याची ती खूण आहे. प्रत्येकाने स्वतःचं माप स्वतःच घ्यावं, वर्गात आकडे मोठ्याने वाचू नयेत. सुरुवात मात्र शिक्षकांच्या खोलीपासून करायला हरकत नाही.