दहावीचे वर्ष आणि गावची सुट्टी

घरात मूल दहावीला गेले की पहिला निर्णय ठरलेला असतो, 'यंदा गावी जायचे नाही.' केबल बंद होते, लग्नाची आमंत्रणे टाळली जातात. आम्हीही तेच केले. थोरलीला शेजारच्या काकूंकडे ठेवून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ दिवस चिपळूणजवळच्या गावी गेलो. परत येऊन पाहतो तर विज्ञानाचे एकही प्रकरण पूर्ण झाले नव्हते. पुस्तक मात्र दिवसभर उघडे होते. त्याच जानेवारीत तिची आजी गेली. आम्ही एसटीतून उतरलो तेव्हा आजीने पहिला प्रश्न विचारला होता, "थोरली कुठाय?" ते आम्ही मुलीला पुष्कळ दिवस सांगितले नाही.

धाकट्याच्या वेळी म्हणूनच आधी कॅलेंडर घेऊन बसलो. पालकांनीही तसेच बसावे. २०२५ साली राज्य मंडळाची बारावीची लेखी परीक्षा ११ फेब्रुवारीला व दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. त्याआधीचे लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबर २०२४ रोजी होते. म्हणजे दहावीच्या मुलांना मध्ये पुरते सोळा आठवडे मिळाले. दिवाळीतल्या पाच-सहा दिवसांनी परीक्षा बुडत नाही. बुडते ती जानेवारीत. तेव्हा शाळेची पूर्वपरीक्षा असते, पाठोपाठ तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा येतात. त्या दिवसांत नात्यातले लग्न निघाले तर आई किंवा वडील यांपैकी एकाने जाऊन यावे. (बारावीसोबत जेईई देणाऱ्यांचा हिशेब निराळा. तिचे पहिले सत्र अलीकडे जानेवारीतच असते.)

आता प्रश्न राहतो तो गावी गेल्यावर केलेला अभ्यास विसरण्याचा. ही भीती खोटी नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेले पहिल्या काही तासांत व दिवसांतच सर्वांत वेगाने विसरले जाते. मात्र मधूनमधून उजळणी केली तर ते टिकते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर व कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचावयास दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या थोरलीचे उघडे पुस्तक का निरुपयोगी ठरले, हे आम्हास तेव्हा उमगले.

म्हणून गावी दप्तरभर पुस्तके नेऊ नयेत. दोन विषय पुरेत. सकाळी अंगणात ऊन येण्यापूर्वी तास-दीड तास बसावे. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर भूमितीचे प्रमेय किंवा विज्ञानातील आकृती नावांसह काढावी, मग पुस्तक उघडून काय सुटले ते पाहावे. गणित आणि विज्ञान यांचे प्रत्येकी ४० गुणांचे दोन-दोन लेखी भाग आहेत, तेव्हा एका दिवशी एका भागातील एकच प्रकरण घ्यावे. नंतर नदीवर जा, भावंडांत खेळा. घाटात बस वळणे घेत असताना मुलाच्या हातात पुस्तक देण्याचा हट्ट तर करूच नये. रात्री गप्पांचा फड कितीही रंगला तरी मुलाला वेळेवर झोपू द्यावे, कारण शिकलेले झोपेत पक्के होते.

एक गोष्ट आम्हाला स्पष्ट लिहावीशी वाटते. गावी पोहोचताच दहावीच्या मुलीच्या हाती भांडी येतात आणि दहावीच्या मुलाला 'अभ्यास कर हो' म्हणून माडीवर जागा मिळते. हा भेद आपल्या घरांतही आहे. सकाळचा तो दीड तास मुलीचाही आहे, हे आईवडिलांनी घरच्या मंडळींना पहिल्याच दिवशी सांगावे. "किती टक्के पडणार?" असे विचारणाऱ्या काका-मामांनाही त्याच वेळी आवरावे.

आणि बेत मुलाला विचारून करावा. रेल्वेचे आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी सुरू होते, तेव्हा दिवाळीची बोलणी ऑगस्टमध्येच व्हावयास हवीत. धाकट्याने परतीची तारीख स्वतः निवडली, शाळा उघडण्याच्या दोन दिवस आधीची. आम्हाला आणखी एक दिवस राहावयाचे होते, पण तिकिटे त्याच्याच तारखेची काढली.