लोणावळ्यात माणसे किती?

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा : "तुमच्या घरात माणसे किती?" उत्तरे पटापट येतील. मग विचारा : "काल रात्री घरात किती माणसे झोपली होती?" आता गडबड उडेल. कुणाचा भाऊ वसतिगृहात राहतो, कुणाचे वडील रात्रपाळीला गेले होते, कुणाकडे मामा मुक्कामाला आले आहेत. दोन्ही आकडे खरे, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

गावाची लोकसंख्या मोजतानाही हाच पेच पडतो. २०११ च्या जनगणनेत लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत ५७,६९८ माणसे मोजली गेली. या हद्दीत खंडाळाही येतो. पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या रस्त्यावर उभे राहिलेल्या कुणालाही हा आकडा पटणार नाही. तरी तो चुकीचा नाही. जनगणनेचा प्रश्नच वेगळा आहे.

भारतात १९३१ पर्यंत एका ठरावीक रात्री शिरगणती होई. जो जिथे सापडेल, तिथे तो मोजला जाई. पुढे पद्धत बदलली. आता गणना सुमारे तीन आठवडे चालते आणि माणूस साधारणपणे त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजला जातो. त्यामुळे लोणावळ्यात बंगला असलेले मुंबईचे कुटुंब मुंबईतच मोजले जाते. बंगल्याची नोंद घर म्हणून होते, माणसांची होत नाही. जुनी पद्धत चालू असती आणि ती रात्र जुलैतल्या शनिवारची निघाली असती, तर लोणावळ्याचा आकडा काय आला असता?

आता तळेगाव दाभाडे शेजारी ठेवून पाहू. २००१ ते २०११ या काळात तळेगावची लोकसंख्या सुमारे साडेबेचाळीस हजारांवरून छप्पन्न हजारांवर गेली, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. लोणावळ्याची वाढ चार टक्क्यांच्या आतच राहिली. तळेगावात लोक राहायला येतात, लोणावळ्यात बरेचसे दोन दिवस राहून जातात. जनगणनेत पहिले दिसतात, दुसरे दिसत नाहीत.

या आकड्यावर शहराचा प्रशासकीय दर्जाही अवलंबून असतो. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार एक लाखाहून अधिक लोकसंख्येची नगरपरिषद 'अ' वर्गात, चाळीस हजारांपासून एक लाखापर्यंतची 'ब' वर्गात आणि त्याखालची 'क' वर्गात मोडते. लोणावळा आणि तळेगाव दोन्ही 'ब' वर्गात बसतात. थंड हवेच्या ठिकाणांना कायद्याने सवलत आहे, म्हणून पाच हजारांहून कमी वस्तीच्या माथेरानलाही नगरपरिषद आहे. तालुक्याचे मुख्य ठिकाण ही मात्र महसुली व्यवस्थेतली बाब आहे. तिचा लोकसंख्येशी थेट संबंध नाही. मावळची तहसील कचेरी वडगावला आहे आणि तिथे २०१८ पर्यंत ग्रामपंचायतच होती.

प्रभाग आणि सदस्यसंख्या शेवटच्या प्रसिद्ध जनगणनेवरून ठरतात. ते रास्तच आहे, कारण मत रहिवाशाचे असते. पण पाणी, सांडपाणी, कचरा आणि रुग्णवाहिका यांवरचा भार रहिवासी आणि पाहुणा असा भेद करत नाही. केवळ जनगणनेचा आकडा धरून नळयोजना आखली, तर सुट्टीच्या दिवशी ती अपुरी पडते आणि त्याची झळ नेहमी राहणाऱ्यालाच बसते.

मग पाहुणे मोजायचे कसे? प्रत्येकाला थांबवून विचारणे शक्य नाही, पण खुणांवरून अंदाज बांधता येतो. जंगलात वाघ न दिसताही ठसे मोजतात, तसेच हे आहे. बुधवारी किती कचरा गोळा झाला आणि सोमवारी किती? टाकीतून रोज किती पाणी गेले? नाक्यावरून किती गाड्या आल्या? प्रत्येक खूण अपुरी असते. पण तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की अंदाजावर भरवसा ठेवता येतो.

२०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. पुढच्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख जून २०२५ मध्ये जाहीर झाली. प्रगणकांमध्ये शिक्षकांचा भरणा मोठा असतो. दारावर जाण्याआधी आपल्या गावापुरता हा प्रयोग वर्गात करून घ्यावा. जत्रेचे गाव असो, साखर कारखान्याचे असो वा ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्यांचे, 'राहणारे किती' आणि 'आज असलेले किती' हे दोन आकडे मुलांनी शेजारी शेजारी मांडावेत. कोणताही आकडा समोर आला की तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे विचारण्याची सवय त्यातून लागेल.