शाळेची वेळ आणि कामाची वेळ



'कुटुंब, शाळा आणि काम' हा विषय मला दिला गेला तेव्हा मी आयोजकांना म्हणालो की, वेतनकरार किंवा ग्रॅच्युइटीवर बोलायला सांगा. शाळेचा आणि माझा संबंध फार थोडा आला. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर आणि युनियनच्या कचेरीत, मिळेल ते. पण नंतर लक्षात आले की, हा विषय तास आणि मजुरी यांचाच आहे. म्हणून उभा राहिलो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आगरला एक जोडपे राहायला आले. दोघांच्या मुंबईत बऱ्या नोकऱ्या होत्या. त्या सोडून त्यांनी चिकूची एक लहान वाडी घेतली आणि सात वर्षांच्या मुलीला शाळेतून काढले. मुलगी झाडांना पाणी घालते, स्वतःचे ताट स्वतः घासते, आईबरोबर भाकरी थापते, संध्याकाळी वडिलांबरोबर वाचते. जेवताना फोन नाही, घाई नाही. जे काम हाती असेल ते मन लावून करायचे, असा त्या घराचा नेम. मला ती माणसे मनापासून आवडली. शहरातल्या धावपळीला कंटाळून कोणी विचार करायला थांबतो, ही थोडी गोष्ट नव्हे.

त्याच वाडीत एक वारली बाई कामाला येत असे. लांब बांबूला जाळी लावून पुरुष चिकू उतरवतात. तो निवडायचा, धुवायचा, भरायचा हे तिचे काम. तिची मुलगीही साधारण त्याच वयाची. ती झाडाखाली धाकट्या भावाला कडेवर घेऊन बसलेली असे. तीही शाळेत जात नव्हती. म्हणजे एकाच वाडीत दोन मुली, दोघीही शाळेबाहेर, दोघीही कामात. एकीच्या आईबापांनी शाळेचा विचार करून शाळा सोडली होती. दुसरीच्या आईला विचार करण्याइतकी उसंतच नव्हती. मालकाने मला विचारले, "भाऊ, आमचे काही चुकते आहे का?" मी तेव्हा उत्तर दिले नाही. त्यांना कोसबादला घेऊन गेलो.

कोसबादची टेकडी आपल्या डहाणू तालुक्यातलीच. तिथे जे घडले त्याचे मूळ बोर्डीत आहे आणि त्याचे साल आहे १९४५. हे साल आमच्या भागात दोनदा महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी २३ मे रोजी झरी येथे, म्हणजे आताच्या तलासरी तालुक्यात, वारल्यांची मोठी परिषद भरली. कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने वेठ आणि लग्नगडी या दोन अमानुष प्रथांविरुद्ध माणसे उभी राहिली. लग्नगडी म्हणजे लग्नासाठी कर्ज घेतलेला आणि त्या कर्जापायी बायकोसह सावकाराचा गुलाम झालेला माणूस. पुढे गवतकापणीच्या दराचा लढा झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार होऊन पाच माणसे ठार झाली.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, तिथून काही मैलांवर, बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. भावनगरच्या दक्षिणामूर्तीत गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला होता. शहरात त्यांचे नाव झालेले; तिथेच सुखाने राहता आले असते. बोर्डीला त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि थोड्याच महिन्यांत त्या विधवा झाल्या. पुढचे शिक्षण नोकरी करीत करीत झाले आणि बी.ए. तर पन्नाशी ओलांडल्यावर. अशा स्त्रीला शाळेची वेळ न जुळणे म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

आता त्यांनी केले काय ते नीट समजावून घेऊ, कारण 'थोर समाजसेविका' म्हणून हार घालून आपण मोकळे होतो आणि युक्ती तशीच राहून जाते.

प्रथम त्यांनी गावात बालवाडी काढली. मुले आली ती बऱ्या घरातली. हरिजन वस्तीतली मुले आली नाहीत. आपल्याकडे अशा वेळी एक ठरलेले वाक्य असते: 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही.' ताराबाईंनी ते वाक्य उच्चारले नाही. मुले शाळेत येत नसतील तर शाळा मुलांकडे जाईल, असे म्हणून त्यांनी बालवाडी वस्तीतल्या अंगणात नेली. शिक्षिका तिथे जाई, अंगण झाडी, मुलांना आंघोळ घाली, केस विंचरी, नखे कापी आणि मग गाणी-गोष्टी. साधनेही बदलली. माँटेसरीची लाकडी साधने महाग. त्यांच्या जागी बिया, शिंपले, खडे, पाने, माती आली. मोजायला जितके हवे तितके समुद्राने किनाऱ्यावर टाकूनच ठेवलेले होते.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, कारण शहरात आज माँटेसरी म्हटले की जाड फीचे पुस्तक डोळ्यांपुढे येते. डॉ. मारिया माँटेसरी यांचे पहिले 'बालगृह' ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो भागात उघडले, आणि ते गरीब कामगारांच्या चाळीत होते. आईबाप कामावर गेले की मुले जिन्यात धुडगूस घालतात, भिंती खराब करतात, म्हणून चाळीच्या चालकांनी ती सोय केली होती! हात धुणे, पाणी न सांडता ओतणे, टेबल पुसणे हे तिथे शिक्षण मानले गेले. आमच्या आगरच्या जोडप्याने पुष्कळ पुस्तके वाचून जे घरी सुरू केले, ते मुळात कामगारांच्या पोरांसाठी होते. ताराबाईंनी ते पुन्हा त्यांच्या अंगणात पोहोचवले, इतकेच.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबादला गेले आणि तिथे प्रश्न अधिक अवघड झाला. टेकडीवरच्या पाड्यांतली मुले मोठी झाली की शाळेतून नाहीशी होत. कुठे जात? मुलगे गुरांमागे, मुली धाकट्या भावंडांमागे. यात आळस नव्हता, अज्ञानही नव्हते. घरातली दोन्ही मोठी माणसे मजुरीला गेली की गुरे आणि तान्हे मूल यांच्याकडे पाहायला तिसरे कोणी नव्हते. मूल शाळेत जाणे म्हणजे एका माणसाची मजुरी बुडणे.

हे काही नवे निदान नव्हते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी हेच सांगितले होते: गरीब शेतकऱ्याला गुरे राखायला आणि शेतावर लक्ष ठेवायला मुलांची गरज असते, म्हणून ती शाळेत येत नाहीत, त्यांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या, आणि निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, सहा ते चौदा वयोगटासाठी का होईना, झाला तो २००९ साली आणि अमलात आला २०१० च्या १ एप्रिलला. मधली वर्षे आपण मोजावीत.

कोसबादला दोन उपाय निघाले. गुराख्यांसाठी कुरणशाळा: शिक्षक कुरणावर जाणार, गुरे चरत असताना मुले तिथेच शिकणार. आणि मुलींसाठी विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एका आवारात. मुलगी भावाला कडेवर घेऊन येईल, त्याला पाळणाघरात ठेवील आणि वर्गात बसेल. मधल्या सुटीत त्याला पाहून येईल. माझ्या मते कुरणशाळेपेक्षा विकासवाडीची युक्ती अधिक पक्की. गुरे एका जागी बसत नाहीत. फळ्याकडे पाहणाऱ्या मुलाचे एक डोळे शेजारच्या शेताकडे असणारच. कुरणशाळा ही तडजोड होती, आणि चांगली तडजोड मला कळते. माझा जन्म त्यातच गेला. पण पाळणाघराने मुलीच्या कडेवरचे ओझे खरोखरच उतरवले.

इथे कोणी म्हणेल, मग काम हे शिक्षणाचे माध्यम नव्हेच का? गांधीजींनी १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला नयी तालीम मांडली ती हाताच्या कामातून शिक्षण म्हणूनच. पण मुलांच्या सुतातून शाळेचा खर्च निघावा, ही कल्पना निघाली तेव्हा अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांच्यासारख्यांनी आक्षेप घेतला. तो आक्षेप मला संघटनेच्या माणसाच्या नजरेतून पटतो. काम शिकवणारे की पिळणारे, हे ओळखायला मी तीन प्रश्न विचारतो. मुलाला कंटाळा आला तर ते थांबू शकते का? त्याने केले नाही तर घरात चूल पेटते का? आणि कामाची वेळ कोणी ठरवली? आगरच्या मालकाची मुलगी झाडांना पाणी घालते. तिने एक दिवस घातले नाही तर फार तर झाड कोमेजेल. त्या दुसऱ्या मुलीने एक दिवस भावाला घेतले नाही तर आईचा खाडा होईल. काम वरून एकसारखेच दिसते.

कायद्याची चालही पाहा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात मनाई केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास 'फक्त' ठेवले! १८९१ साली ती वये नऊ ते चौदा झाली आणि तास सात. तिथून आपण चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाची बंदी इथवर आलो. पण २०१६ च्या दुरुस्तीने एक दार किलकिले ठेवले आहे: शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत कुटुंबाच्या धंद्यात मदत चालेल. ज्याच्या घरी धंदा आहे त्याला ते ठीक. ज्याच्या घरी मुकादमाने टाकलेले काम आहे, त्या घरात 'कुटुंबाचा धंदा' या शब्दांखाली पुष्कळ काही झाकले जाते.

बोर्डीच्या अंगणातल्या त्या बालवाडीचे पुढे काय झाले? २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. पण जी बाई ते अंगण झाडते आणि मुलांना शिकवते, तिला सरकार पगार देत नाही, मानधन देते. मान आणि धन या दोन शब्दांचा इतका वाईट संधी मी दुसरा पाहिलेला नाही. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सांगितले. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या आणि पन्नास दिवसांच्या आसपास तो संप चालला. त्या दिवसांत पुष्कळ सुशिक्षित माणसे मला म्हणाली, 'मुलांचे नुकसान होते आहे हो.' मी विचारी, मग इतकी महत्त्वाची बाई इतकी स्वस्त कशी?

आता मन लावून जगण्याविषयी. मला हा विचार खोटा वाटत नाही. पण त्याला वेळ लागतो, आणि वेळ ही विकत घेण्याची नाही तर लढून मिळवण्याची वस्तू आहे, असा आमचा इतिहास सांगतो. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने, १० जून १८९० रोजी. त्याआधी मुलाशी निवांत बोलण्याचा वार कामगाराला नव्हता. २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. तिथून चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या घरात. पहाटे मूल झोपलेले असताना निघणारा आणि ते झोपल्यावर परतणारा बाप डहाणूत घरोघर आहे. त्याला 'मुलाबरोबर जेवताना फोन बाजूला ठेवा' असे सांगणे सोपे आहे. तो जेवायला घरी असतो कधी? आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. वर्तमानपत्रात ही बातमी उद्योगाच्या पानावर आली. माझ्या मते ती बालशिक्षणाच्या पानावर यायला हवी होती.

तर ते जोडपे. कोसबादहून परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. आठवड्याने त्यांनी मला बोलावले. त्यांनी ठरवले होते की, अंगणवाडी उघडेल तेव्हाच त्या बाईचे काम सुरू करायचे, म्हणजे धाकटा तिथे जाईल आणि मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत. मजुरी कापायची नाही. माल सकाळी लवकर भरून हवा असतो, तेव्हा व्यापारी कुरकुरला. मालक-मालकीण स्वतः पहाटे निवडायला बसू लागले. काही दिवसांनी त्यांची स्वतःची मुलगीच म्हणाली की, मलाही तिच्याबरोबर जायचे आहे. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि तिलाही त्याच शाळेत घातले. घरातले ताट घासणे आणि वाचणे चालूच राहिले. शाळेने त्यात काही आडकाठी केल्याचे ऐकिवात नाही.

दिवाळीपर्यंत दोघी बरोबर जात होत्या. दिवाळीनंतर ते वारली कुटुंब वीटभट्टीवर गेले. नवऱ्याने आजारपणात उचल घेतली होती, ती फेडायची होती. जाताना मुलांनाही नेले. नव्वदच्या दशकात जुन्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसदेने भट्ट्यांवरच भोंगाशाळा चालवल्या होत्या, तीही कोसबादच्याच जातीची युक्ती. पण ही भट्टी होती तिथे तशी शाळा नव्हती. पावसाच्या तोंडाशी कुटुंब परत आले. मी शाळेत जाऊन पाहिले. मुलीचे नाव पटावर होते, आणि त्यापुढे दिवाळीपासून शाळा सुटेपर्यंत गैरहजेरीच्या रेघा. गुरुजी म्हणाले, पुन्हा बसवू. उचल किती राहिली आहे, हे विचारायला मी तिथून त्यांच्या पाड्यावर गेलो.