क्रीडांगणातील पंगत

गेल्या कार्तिकी पौर्णिमेस आम्ही सहकुटुंब कपिलधारेस गेलो होतो. बीडच्या दक्षिणेस, मांजरसुंब्याजवळच्या डोंगरात हे स्थान आहे. पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारी धार पाहावयास पुष्कळ मंडळी येतात. परंतु यात्रा भरते ती कार्तिकात, ‘परमरहस्य’ या ग्रंथाचे कर्ते श्रीमन्मथस्वामी यांच्या समाधीच्या दर्शनासाठी. आम्ही वीरशैव नव्हे. तथापि बीडकरास कपिलधार परकी वाटावी असे काही नाही. लातूर-नांदेडकडून, तशाच कर्नाटक-तेलंगणातून पायी आलेल्या दिंड्यांच्या मागे आम्हीही रांगेत उभे राहिलो. बरोबर आमचा पुतण्या होता. अमेरिकेतील शिक्षण पुरे करून तो नुकताच परतला आहे.

रांग बराच वेळ हलेना. तेव्हा तो म्हणाला, “काका, एवढ्या शांतपणे उभी असलेली रांग मी याआधी एकदाच पाहिली. पण ती फुटबॉलच्या तिकिटांसाठी होती.”

देवदर्शनाची तुलना खेळाशी केलेली त्याच्या काकूस मुळीच रुचली नाही. परंतु पुतण्याचे म्हणणे अगदीच उडवून लावण्यासारखे नव्हते. तो म्हणाला, “काकू, इथे उशिरा पोचलेल्यालाही तेच दर्शन मिळतं. तिथे पुढच्याने जागा घेतली की मागच्याला ती गेलीच.” आणि खरोखर भेद आहे तो एवढाच. समाधीपुढील रांग आधी कोण व मागून कोण हे ठरविते. क्रीडांगणापुढील रांग कोणास मिळावे व कोणास न मिळावे हेच ठरविते. म्हणूनच तेथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो.

तो ज्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकला, त्याचे काईल फील्ड नावाचे क्रीडांगण लाखाहून अधिक प्रेक्षकांचे आहे. (अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू बगलेत मारून धावावयाचे आणि दुसऱ्यांनी अंगावर पडून त्यास लोळवावयाचे, असा तो खेळ आहे. पायाचा संबंध बेताचाच.) त्यातील विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या भागात तीस हजारांवर मुलेमुली मावतात, आणि खेळ चालू असेतो ती सारी उभी असतात. या उभे राहण्यास एक कथा आहे. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलस येथील सामन्यात या विद्यापीठाचे खेळाडू एकामागून एक जायबंदी होऊ लागले. तेव्हा वर बसलेल्या किंग गिल नावाच्या विद्यार्थ्यास शिक्षकाने खाली बोलाविले. त्याने गणवेश चढविला आणि शेवटपर्यंत तो कडेला सज्ज उभा राहिला. त्याच्यावर खेळण्याची पाळी आली नाही ती नाहीच. परंतु तेव्हापासून तेथील सारा विद्यार्थिवर्ग स्वतःस ‘बारावा गडी’ म्हणवितो. ज्यास आपण संघाचा घटक मानतो त्यास बसावयास, किंवा उभे राहावयास, जागा कोठे द्यावी हा प्रश्न म्हणूनच तेथे केवळ करमणुकीचा राहत नाही.

पुतण्याच्या वेळची रीत अशी होती. शुल्क भरून पास घेतलेल्या विद्यार्थ्यासही आपली जागा नेमकी कोठे हे त्या आठवड्यात खिडकीवर जाऊनच ठरवून घ्यावे लागे. सोमवारी अखेरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी यावे, मंगळवारी त्याखालच्यांनी, बुधवारी दुसऱ्या वर्षाच्यांनी, आणि उरलेसुरले गुरुवारी नवागतांनी उचलावे. मोठा सामना असला म्हणजे मुले आदल्या रात्रीच नव्हे, त्याच्याही आधीपासून तंबू ठोकून बसत. म्हणजे येथे दोन न्याय एकत्र नांदत होते: वर्गावर्गांमध्ये ज्येष्ठतेचा, आणि एका वर्गाच्या आत रांगेचा.

ज्येष्ठतेचा न्याय आपल्या घरांत नवा नाही. पहिल्या पंगतीस पाहुणे व वडीलधारी, दुसरीस मुले, आणि सर्वांचे झाल्यावर वाढणाऱ्या बायका, ही व्यवस्था आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिली आहे. मात्र दोहोंत एक अंतर आहे. विद्यापीठातील आजचा नवागत तीन वर्षांनी सोमवारच्या रांगेत उभा राहतो. त्याची पाळी चुकत नाही. आपल्या पंगतीत मुलगा वडील होऊन पहिल्या पाटावर येई. सून मात्र सासू झाली तरी बहुधा शेवटच्याच पंगतीस बसे. आणि कित्येकांस तर पंगतच नव्हती. पालवणकर बाळू यांच्यासारखा थोर गोलंदाज पुण्यात हिंदूंच्या संघातून खेळत असताही चहा त्यांस पॅव्हेलियनबाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात मिळे. ज्याची पाळी केव्हातरी येणार आहे त्यास मागे बसविणे निराळे, आणि ज्याची कधीच येणार नाही त्यास मागे बसविणे निराळे.

मिशिगन विद्यापीठाने २०१३ साली ज्येष्ठतेची ही रीत मोडून पाहिली. विद्यार्थिविभागात ठरलेली आसने ठेवावयाची नाहीत, जो आधी येईल तो पुढे बसेल, असा नियम झाला. अधिकाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मुले सामना सुरू झाल्यावर रेंगाळत येतात व विभाग रिकामा दिसतो, ही त्यांची तक्रार होती. परंतु ज्यांनी तीन वर्षे मागे बसून आपली पाळी येण्याची वाट पाहिली होती ते अखेरच्या वर्षाचे विद्यार्थी खवळले, आणि पुढच्याच वर्षी नियम बदलावा लागला. आम्हांस त्या मुलांचा राग समजू शकतो. जुना नियम चांगला असो वा वाईट, त्याच्या भरवशावर ज्यांनी काही सोसले आहे त्यांचे देणे फेडल्यावाचून तो मोडू नये.

हे दूरदेशीचे झाले. आपल्याकडे महाविद्यालयीन फुटबॉलला अशी गर्दी लोटत नाही. परंतु आसनांच्या वाटपावरून मुंबईत जे घडले आहे ते टेक्सासच्या तंबूंहून कितीतरी अधिक उद्बोधक आहे.

मुंबईत युरोपियन व पारशी यांचे सामने १८९२ पासून होऊ लागले. १९०७ साली हिंदू आणि १९१२ साली मुसलमान त्यांत आले, व चौरंगी सामन्यांची परंपरा सुरू झाली. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. दि. ब. देवधर या सामन्यांतूनच घरोघरी ठाऊक झाले. पुढे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने ब्रेबर्न स्टेडियम बांधले. ७ डिसेंबर १९३७ रोजी ते खुले झाले. त्याच वर्षी ‘इतरांचा’ पाचवा संघ घेऊन सामने पंचरंगी व्हावयाचे होते. पण झाले असे की नव्या क्रीडांगणात आपल्या वाट्यास आलेली आसने अपुरी आहेत, या कारणाने हिंदूंनी संघच उतरविला नाही! पाचवा आला आणि चौथा गेला. पंचरंगीच्या पहिल्या वर्षी संघ चारच राहिले. पुढे हिंदू संघ परतला, १९३९ साली विजेताही ठरला. या सामन्यांस महात्मा गांधींनी १९४० मध्ये विरोध दर्शविला तो जातवार संघ असू नयेत म्हणून. आणि १९४६ साली ते बंदच पडले. परंतु खेळणारे अकरा गडी तयार असता बसणाऱ्यांच्या आसनांपायी एक संघ घरी राहिला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

दुसरा प्रसंग अनेक वाचकांच्या आठवणीतला असेल. ब्रेबर्नची मालकी क्लबाची, आणि सामने भरवावयाचे मुंबई क्रिकेट असोसिएशनने. तेव्हा तिकिटे कोणाकडे किती जावीत यावरून दोघांचे वर्षानुवर्षे बिनसत गेले. क्लबाच्या बाजूस विजय मर्चंट, असोसिएशनच्या बाजूस बॅरिस्टर शेषराव वानखेडे. दोघेही माघार घेणाऱ्यांतले नव्हेत. १९७३ साली वाद विकोपास गेला आणि वानखेड्यांनी ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरे क्रीडांगणच उभे केले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. आसनांची वाटणी जमेना म्हणून घरात भिंत घालणारे भाऊ आपण पुष्कळ पाहतो. येथे तर नवा वाडाच बांधला गेला.

आता या नव्या वाड्यात सामान्य माणसास जागा मिळाली काय? २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. आसने सुमारे ३३ हजार. त्यांतून असोसिएशनशी संलग्न असलेले क्लब, आंतरराष्ट्रीय मंडळ व इतर हक्कदार यांचे वाटे वजा जाता, सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी उरली अवघी चार हजारांच्या आसपास. विक्रीचे संकेतस्थळ गर्दीने कोलमडले. बंगळूरास त्याच स्पर्धेतील दुसऱ्या एका सामन्याच्या रांगेवर पोलिसांनी लाठ्या चालविल्या होत्या; तो प्रकार ताजा असल्याने अखेर मुंबईची तिकिटे खिडकीवर न विकता सोडतीने देण्याचे ठरले.

संलग्न क्लबांच्या बाजूने बोलावयाचे तर, वर्षभर मैदानावर उन्हातान्हात सामने भरविणारे तेच. त्यांस काहीच देऊ नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु आमचा आक्षेप वाट्यावर नसून वाटा गुपचूप काढण्यावर आहे. रांग असावी की सोडत, यावर आपण हिरीरीने भांडतो. आणि ज्या ढिगातून वाटावयाचे तो ढीगच आठवा हिस्सा उरला आहे, हे कोणी आधी सांगत नाही. आम्ही शिकत असताना महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात हेच पाहिले. प्रवेशपत्रे मिळविण्यासाठी आम्ही पहाटेपासून उभे राहिलो, आणि आत जाऊन पाहतो तो पहिल्या सात रांगांवर ‘निमंत्रित’ अशी चिठ्ठी. निमंत्रित आले तीन रांगांपुरते. उरलेल्या चार रांगा अखेरपर्यंत रिकाम्या राहिल्या आणि ज्यांचे संमेलन ते विद्यार्थी भिंतीस टेकून उभे.

रांगेत उभ्या उभ्या पुतण्याच्या काकूने मध्येच विचारले, “तुझ्या त्या तंबूंत मुली होत्या का रे?”

“होत्या की, काकू. रात्रभर.”

“मग आपल्याकडे अशी रांग लावली तर कोण मुलगी येईल? वसतिगृहाचा दरवाजा तर दिवेलागणीला बंद.”

इतका वेळ आम्ही रांगेचेच गुण गात होतो, पण या प्रश्नास आम्हांजवळ उत्तर नव्हते. रांग पैसा मागत नाही, ओळख मागत नाही, म्हणून ती समतेची वाटते. परंतु ती वेळ मागते, आणि वेळ सर्वांजवळ सारखा नसतो. संध्याकाळी दुकानात काम करून शिकणारा मुलगा, एस. टी.ने रोज खेड्यातून येणारा मुलगा, आणि वसतिगृहातील मुलगी ही तिघेही रांगेच्या न्यायाने नेहमीच मागे राहणार. वर ज्याच्याजवळ पैसा आहे तो दुसऱ्यास मोल देऊन रांगेत उभा करतो ते निराळेच.

सोडतीस हा दोष नाही. घराघरांतून भिशीची चिठ्ठी निघते तेव्हा कोणाची नणंद मोठी आणि कोण आधी आली हे पाहिले जात नाही. म्हाडाची घरे, शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागा, यांचेही वाटप आपण सोडतीवर सोपविले आहे. फार काय, तामिळनाडूतील उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकारंभीच्या चोळ राजवटीतील शिलालेख आहेत. पात्र इसमांची नावे लिहिलेली पाने घागरीत घालावयाची आणि लहान मुलाकडून एकेक काढवून ग्रामसभेच्या समित्या नेमावयाच्या, अशी रीत त्यांत दिली आहे. तेथेही आधी पात्रता कोणाची हे उघड ठरलेले होते. घागर नंतर आली.

सोडतीचे वाकडे असे की तीस खरी आवड कळत नाही. ज्यास खेळाचे सोयरसुतक नाही त्यासही चिठ्ठी लागते, आणि मग तो ती दामदुपटीने विकतो. चार मित्रांनी अर्ज केला तर एकास मिळते व तिघे बाहेर राहतात. यावर उपाय कठीण नाहीत. मित्रांनी मिळून एकच चिठ्ठी टाकावी. तिकिटावर नाव असावे आणि न जाणाऱ्याने ते परत करावे. ज्यास या खेपेस मिळाले नाही त्याच्या पुढच्या खेपेस दोन चिठ्ठ्या पडाव्यात. आणि या सर्वांआधी, एकंदर आसने किती, निमंत्रितांची किती, सभासदांची किती, विद्यार्थ्यांची किती, हे आकडे दाराशी फळ्यावर लागावेत. निमंत्रित सुरुवातीच्या घंटेपर्यंत आले नाहीत तर त्यांच्या रांगा भिंतीशी उभ्या असलेल्यांस खुल्या कराव्यात. आमच्या संमेलनात एवढे जरी केले असते तरी चार रांगा भरल्या असत्या.

हे बोलणे होईतो रांग सरकली होती. आमच्या पुढे लातूरकडची एक वृद्धा होती. पायी आलेली, टाचा भेगाळलेल्या. पुतण्याने तीस विचारले, “आजी, पुढे जाता का? आम्ही मोटारीने आलोय.” आमच्या पुढे ती आधीच होती, हे त्याच्या ध्यानात आले नसावे. ती हसली, आणि आपल्या मागे कडेवर मूल घेऊन उभ्या असलेल्या एका बाईस तिने हाताने पुढे ओढून घेतले.