फिट्झगिबन चषक : परगण्यापलीकडचा संघ

आयर्लंडच्या हर्लिंग या खेळात खेळाडूंचा बाजार भरत नाही. १ नोव्हेंबर १८८४ रोजी थर्ल्स येथे स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन आजही हौशी तत्त्वावर चालते. ज्या गावच्या क्लबात लहानपणी काठी हाती धरली त्या क्लबाकडून, आणि तो क्लब ज्या परगण्यात येतो त्या परगण्याकडून खेळायचे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. खेळाचे बळ या निष्ठेत आहे आणि त्याची मर्यादाही तिच्यातच आहे. किलकेनीत वाढलेल्या मुलाला विजेत्यांचा वारसा आयता मिळतो. केरी हा मात्र गेलिक फुटबॉलचा मुलूख. हर्लिंगचे अखिल आयर्लंड विजेतेपद केरीने एकदाच, १८९१ साली मिळवले. तिथला तरबेज हर्लिंगपटूही मोठ्या मंचापासून दूरच राहतो.

ही गाठ काही आठवड्यांपुरती सैल करण्याचे काम महाविद्यालयांनी केले. कापुचिन पंथाचे धर्मगुरू आणि कॉर्कच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक एडविन फिट्झगिबन यांनी १९१२ मध्ये एक चषक दिला. १९०८ च्या कायद्याने एका राष्ट्रीय विद्यापीठात आलेली डब्लिन, कॉर्क आणि गॉलवे येथील तीन महाविद्यालये त्यासाठी झुंजू लागली. पहिला मान डब्लिनला मिळाला. पुढे सर्वाधिक विजेतेपदे मात्र कॉर्कच्या नावावर जमा झाली.

२०२० चा हंगाम या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. फेब्रुवारीत डब्लिन येथे झालेल्या अंतिम सामन्यात कॉर्कच्या कॉलेजासमोर कार्लोची तंत्रशिक्षण संस्था उभी होती. तिने हा चषक तोवर एकदाही जिंकला नव्हता. धावफलक होता ०-१८ विरुद्ध २-११. आपल्याला हे आकडे चक्रावतात, पण हिशेब सोपा आहे. दोन खांबांमधल्या आडव्या दांडीखालून चेंडू जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून गेला की एक गुण. कार्लोने दोन गोल केले, म्हणजे सहा अधिक अकरा, एकूण सतरा. कॉर्कला एकही गोल करता आला नाही; पण त्यांनी एकेक करून अठरा गुण वेचले आणि एका गुणाने चषक राखला.

या विजयी संघात कॉर्कबरोबर टिपररी आणि वॉटरफर्डचेही खेळाडू होते. उन्हाळ्यात परगण्यांच्या स्पर्धेत हेच तरुण एकमेकांसमोर उभे ठाकतात. आणि संघाच्या गुणांचा मोठा आधार होता शेन कॉनवे, जो केरीचा होता! परगण्याच्या उतरंडीत जे स्थान त्याच्या वाट्याला येत नव्हते ते कॉलेजाच्या जर्सीने दिले.

याची किंमतही मोजावी लागते. परगण्यांची राष्ट्रीय लीग जानेवारीअखेरीस सुरू होते आणि ही स्पर्धाही ऐन थंडीत त्याच सुमारास रंगते. एकाच विद्यार्थ्यावर दोन प्रशिक्षकांचा हक्क पडतो. दुखापत झाली तर सोसायची एकट्याने, आणि परीक्षा असते ती वेगळीच.

शिवाय महाविद्यालयाने दिलेले हे स्थान परगण्याचे भाग्य पालटत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केरीचा संघ दुसऱ्या श्रेणीच्या जो मॅकडोना चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला आणि अँट्रिमकडून दोन गुणांनी हरला. साथीमुळे क्रोक पार्कची प्रेक्षागारे तेव्हा रिकामी होती. २०२१ मध्ये तर फिट्झगिबन स्पर्धाच झाली नाही.

विक्रमांच्या यादीत हे रिकामे वर्ष एका ओळीत आटोपते. पण कॉलेजची वर्षे तीन-चारच असतात. किलकेनीच्या मुलाचा त्या साली एक चषक हुकला असेल. दुबळ्या परगण्यातल्या मुलाचा मात्र पहिल्या प्रतीच्या सोबत्यांबरोबर खेळण्याचा जवळजवळ एकमेव मार्गच त्या साली बंद राहिला. फिट्झगिबन चषकाचे मोल ठरवताना विजेत्यांच्या यादीइतकाच या मुलांचाही विचार व्हायला हवा.