हीटिंग किती तास लावायचं?

उबेचं गणित : लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण घरातली ऊब भिंती, काचा, छप्पर आणि फटींतून बाहेर कशी जाते ते पाहिलं. उदाहरण होतं इंग्लंडमधल्या साध्या तीन बेडरूमच्या घराचं. आज त्याच घरात थंडीच्या दिवसांत रोज निघणारा विषय: हीटिंग किती तास लावायचं? नवरा-बायकोत, घरमालक-भाडेकरूंत यावरून खटके उडतात, आणि डिसेंबरात मुलीकडे राहायला गेलेल्या पुण्या-नाशिकच्या आईबाबांनाही त्यात ओढलं जातं. एका पक्षाचं म्हणणं, सकाळ-संध्याकाळ लावा आणि बाकी वेळ बंद ठेवा. दुसऱ्याचं म्हणणं, गारठलेलं घर पुन्हा तापवायला जास्त गॅस जातो, त्यापेक्षा दिवसभर मंद चालू राहू द्या. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असू शकतात. ती जागा कुठली, हे घर आणि यंत्र ठरवतं.

आधी व्यवस्था समजून घेऊ. स्वयंपाकघरात भिंतीवर किंवा कपाटात गॅसचा बॉयलर असतो. त्यात तापलेलं पाणी पंपाने खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि निवून परत येतं. यावर हुकूम तिघांचा चालतो. टायमर वेळ सांभाळतो, हॉलमधला थर्मोस्टॅट तापमान सांभाळतो आणि रेडिएटरच्या कोपऱ्यातली गोल मूठ त्या खोलीपुरतं बघते. मुठीवर १ ते ५ आकडे असतात. ३ वर ठेवली की खोली साधारण २० अंशांवर राहते. आकड्यांच्या आधी चांदणीसारखी एक खूण असते. तिच्यावर ठेवली तर रेडिएटरमधलं पाणी गोठू नये इतपतच ऊब मिळते.

‘आमच्याकडे आठ तास हीटिंग असतं’ असं कोणी म्हणालं, तर ते टायमरचे आठ तास असतात. त्या वेळात बॉयलरला पेटायची परवानगी असते, एवढंच. खोली ठरलेल्या तापमानाला पोचली की थर्मोस्टॅट टक् करतो आणि आतली ज्योत विझते. खोली थोडी निवली की पुन्हा पेटते. नव्या, घट्ट बांधणीच्या घरात आठांपैकी थोडाच वेळ ज्योत जळत असेल, तर शंभर वर्षांपूर्वीच्या घरात ती जेमतेम विसावत असेल. टायमर सारखे, बिलं वेगळी.

सकाळ-संध्याकाळची ही पद्धत तिथे चांगली रुजलेली आहे. बॉयलर येण्याआधी ब्रिटिश घरात बैठकीच्या खोलीत कोळशाची शेगडी असे आणि बाकीच्या खोल्या गारच असत. १९५२च्या डिसेंबरात लंडन विषारी धुरक्यात बुडालं, त्यानंतर १९५६चा स्वच्छ हवा कायदा आला. उत्तर समुद्रात वायू सापडला, आणि १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत देशभरातली गॅसची उपकरणं त्या वायूवर चालतील अशी बदलली गेली. १९७०च्या सुमारास जेमतेम एक तृतीयांश घरांत सेंट्रल हीटिंग होतं. आज ते बहुतेक सगळ्या घरांत आहे. शेगडी गेली, पण माणसं घरात असतील तेव्हा तापवायचं आणि झोपताना विझवायचं, ही रीत टायमरच्या रूपाने टिकली.

सरकारी हिशेबानेही तीच रीत धरली. घराची ऊर्जा-प्रतवारी काढण्याचं तिथलं जे प्रमाण गणित आहे, त्यात बरीच वर्षं कामाच्या दिवशी नऊ तास हीटिंग गृहीत धरलं जाई: सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते रात्री ११. शनिवार-रविवारी सलग सोळा तास. बैठकीची खोली २१ अंशांवर आणि उरलेलं घर १८ अंशांवर. प्रत्यक्षात लोक काय करतात? मिशेल शिपवर्थ आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या घरांचा अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रोजची सरासरी आठ तासांच्या थोडी वर निघाली आणि सुट्टीच्या दिवशी त्यात जवळपास काहीच फरक पडला नाही. ज्या घरांत थर्मोस्टॅट किंवा टायमर होते, तिथे हीटिंग कमी वेळ चालतं असंही दिसलं नाही. कागदावरचा सोळा तासांचा रविवार घराघरांत नव्हता.

आता मूळ वादाकडे येऊ. आपलं घर दर अंशाच्या फरकाला २०० वॉट उष्णता गमावतं असं धरू. आत २० अंश आणि बाहेर ५, म्हणजे फरक १५ अंशांचा. ताशी तीन युनिट बाहेर गेली. चोवीस तास हेच तापमान राखलं तर ७२ युनिट. (गॅसचं बिलही तिथे किलोवॉट-तासांत, म्हणजे आपल्या विजेच्या युनिटांतच येतं.) महावितरणच्या घरगुती दरांतला पहिला टप्पा महिन्याला शंभर युनिटांचा असतो, हे लक्षात घेतलं की ७२चा अर्थ कळतो. आता हीटिंग दोन वेळांपुरतंच लावलं आणि मधल्या काळात घर गार होऊ दिलं. दिवसाची सरासरी १७ अंशांवर आली असं समजू. फरक १२ अंशांचा, खर्च ५७.६ युनिट. म्हणजे पाचवा हिस्सा वाचला.

‘पण पुन्हा तापवायला लागतं त्याचं काय?’ तेही यातच आलं. तळाला भोक असलेली टाकी जितकी भरलेली, तितकी जोरात गळते. रात्री पातळी खाली गेली तर गळती मंदावते आणि सकाळी भरावं लागतं ते रात्रीत गळलं तेवढंच. ती दिवसभर काठोकाठ ठेवली असती तर गळती पूर्ण जोराने चालू राहिली असती. म्हणून गॅसच्या बॉयलरवर चालणाऱ्या घरात ‘पुन्हा तापवायला जास्त लागतं’ हे एरवी खरं नाही. सकाळी बॉयलर तासभर धडाधड चालताना दिसतो, त्यामुळे तो खर्च डोळ्यांत भरतो. रात्रभर न झालेला खर्च कोणालाच दिसत नाही.

मात्र हेच गणित चांगल्या घराला लावून पाहा. छपरात जाड लोकर, भिंतींच्या पोकळीत भरण, दुहेरी काचा. आता दर अंशाला १०० वॉट जातात आणि हीटिंग बंद ठेवलं तरी घर हळूहळू निवतं, म्हणून दिवसाची सरासरी फार तर १९.५ अंशांपर्यंत उतरते. दिवसभर चालू ठेवलं तर ३६ युनिट, वेळा पाळल्या तर ३४.८. फरक सव्वा युनिटाचाही नाही. म्हणजे घड्याळ जिथे खूप वाचवतं, ते घर मुळात गळकं असतं, आणि तिथली बचत घरातल्यांच्या वाट्याला आलेल्या गारठ्यातून होते. चांगल्या घरात घड्याळाला फारसं काम उरत नाही.

ब्रिटनमध्ये गळकी घरं भरपूर आहेत. १९२०च्या आधीच्या बहुतेक घरांच्या भिंती भरीव विटांच्या, आपल्याकडे मिस्त्री ‘नऊ इंची’ म्हणतात तशा, आणि मध्ये पोकळी नसल्यामुळे त्यांत भरणही घालता येत नाही. टाडो या थर्मोस्टॅट बनवणाऱ्या कंपनीने २०२०मध्ये युरोपातल्या घरांची तुलना केली. आत २० आणि बाहेर शून्य अंश असताना हीटिंग बंद केलं, तर पाच तासांत ब्रिटिश घर सरासरी तीन अंशांनी निवलं आणि जर्मन घर एका अंशाने. जर्मन शेजाऱ्याने रात्री हीटिंग बंद केलं, तर त्याला पहाटे कळतही नाही. ब्रिटिश माणसाला पांघरुणातून पाय बाहेर काढताना कळतं.

किती तास, याच्या मागे आणखी एक प्रश्न आहे: घरात कोण आहे आणि कधी? दोन वेळांचं हे वेळापत्रक सकाळी बाहेर पडून संध्याकाळी परतणाऱ्या कुटुंबाला सोयीचं. सत्तरीच्या सासूबाई भारतातून आल्या आहेत आणि दिवसभर घरातच असतात, अशा वेळी दुपारचे ते बंद तास त्यांच्याच वाट्याला येतात. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो. तोवर घर पार उतरलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शिकेत थंडीत घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं म्हटलं आहे, आणि वृद्ध, लहान मुलं व आजारी माणसांसाठी त्याहून जास्त लागू शकतं, हेही नोंदवलं आहे. अशा घरात दुपारी सगळं घर तापवायची गरज नसते. त्यांच्या खोलीतला रेडिएटर ३ वर ठेवा, बाकीचे १-२ वर उतरवा आणि टायमरमध्ये दुपारचे दोन-तीन तास जोडा. बिलात त्याची फार मोठी भर पडत नाही.

तास फार कापले तर दुसरं संकट येतं ओलीचं. २० अंशांच्या खोलीतल्या ५० टक्के आर्द्रतेच्या हवेला साधारण ९ अंशांचा पृष्ठभाग लागला की ती पाणी सोडते. बुरशीला तर एवढाही गारवा लागत नाही. साडेबारा अंशांच्या आसपासचा कोपरा तिला पुरतो. अंघोळ, भाताची वाफ, रेडिएटरवर वाळत घातलेले कपडे हे सगळं पाणी हवेत जातं आणि उत्तरेकडच्या भिंतीवर, कपाटामागे जाऊन बसतं. पावसाळ्यातली कोकणातली घरं पाहिलेल्याला तो काळा थर नवा नाही. दार लावून पूर्ण बंद ठेवलेली ‘वापरात नसलेली’ खोली म्हणूनच महाग पडते. तिला थोडी ऊब द्या आणि खिडकीच्या चौकटीवरची हवेची बारीक झडप उघडी ठेवा.

आता दिवसभर मंद चालू ठेवणाऱ्या पक्षाची बाजू. ती सर्वांत भक्कम ठरते हीट पंपाच्या घरात. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. बाहेर ७ अंश असताना त्याला ३५ अंशांचं पाणी मागितलं, तर एका युनिट विजेत तो चार-साडेचार युनिट उष्णता देतो. ५५ अंशांचं मागितलं तर तीनाच्याही खाली येतो. सकाळी दोन तासांत घर झटपट तापवायचं तर पाणी कढत लागतं, आणि कढत पाण्यापायी पंपाची कमाई जाते. त्यामुळे इथे कोमट पाणी जास्त तास फिरवणं हाच शहाणपणा असतो. रात्री तापमान एक-दोन अंशांनी उतरवलं तर पुरे. गॅसच्या घरातून हीट पंपाच्या घरात गेलेली माणसं जुन्या सवयीने टायमर लावतात, मग बिल बघून पंपाला दोष देतात.

गॅसच्या बॉयलरलाही याचा थोडा धडा लागू पडतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५पासून नवा बॉयलर बसवायचा तर तो सहसा कंडेन्सिंग जातीचाच असावा लागतो. धुरातली वाफ पाण्यात बदलताना निघणारी उष्णता तो वापरतो, पण त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असायला हवं. अनेक घरांत बॉयलरवरचं तापमान बसवताना ठेवलं तसंच ७५-८० अंशांवर असतं. ते ६०च्या आसपास आणलं तर खोली तापायला थोडा जास्त वेळ लागेल, म्हणजे टायमरचे तास वाढतील, आणि तरीही गॅस कमी जळेल. जास्त तास आणि कमी बिल, हे दोन्ही एकाच घरात जमतं. फक्त गरम पाण्याची वेगळी टाकी असेल तर तिच्यातलं पाणी ६० अंशांवर साठवावं लागतं, नाहीतर त्यात घातक जिवाणू वाढतात. तेव्हा तिथे बॉयलरचा आकडा परस्पर खाली आणू नये.

तर वाद मिटवायचा कसा? एका थंड रात्री झोपताना हीटिंग बंद करा, त्या वेळचं बैठकीतलं तापमान लिहून ठेवा आणि सकाळी टायमर चालू होण्याआधी पुन्हा बघा. रात्रीत चार-पाच अंश उतरले असतील आणि घरात गॅसचा बॉयलर असेल, तर वेळा पाळण्यात पैसे वाचतात; पण पुढचा खर्च टायमरवर न करता छपरावर आणि फटींवर करा. अंशभरच उतरलं असेल, तर तासांवरून भांडणं सोडा आणि थर्मोस्टॅट एका अंशाने खाली घ्या. हीट पंप असेल, तर तो सोयीने चालू द्या आणि नजर पाण्याच्या तापमानावर ठेवा. कुठल्याही घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल, तर १८ अंशांच्या खालची बचत बचत म्हणून धरू नका.

पुढच्या आठवड्यात छपराकडे वळू: लोकरीचा थर किती जाड असावा, आणि कुठल्या जाडीनंतर पैसे परत यायचं थांबतं.