पैजेविना भाकीत आणि चौसष्ट ठोकळे

सप्तव्यसनांची गणना द्यूतापासून सुरू होते. ह्या क्रमाचा विचार व्यापाऱ्याने इतरांपेक्षा अधिक करावयास हवा. कारण उद्याच्या भावाचा अंदाज बांधून आज माल भरणे हा त्याचा नित्याचा व्यवहार आहे, आणि अंदाज व पैज यांमधील भिंत वाटते तितकी जाड नसते. सन २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात कतार येथे फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा चालू असताना सुभानपुऱ्यातील आमच्या वसाहतीत ह्या भिंतीची परीक्षा झाली. त्या परीक्षेत आम्ही स्वतः प्रथम नापास झालो, हे आरंभीच सांगून टाकणे बरे.

बेत मुलांचा होता. सामना सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने दोन्ही संघांचे गोल चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावयाचे. गोलसंख्या अचूक आली तर तीन गुण, केवळ विजेता बरोबर आला तर एक. बक्षीस काही नाही, फळ्यावर नाव तेवढे लागावयाचे. मुलांच्या मागोमाग आम्ही दुकानदार मंडळीही चिठ्ठ्या टाकू लागलो. तिसऱ्या दिवशी एका तरुण सभासदाने सुचविले, “काका, माणशी दहा-दहा रुपये ठेवले तर रंगत येईल.” आम्ही हसून मान डोलावली. दहा रुपयांत चहासुद्धा धड येत नाही, मग त्यात कसले द्यूत, असा आमचा हिशेब!

जवळच बसलेले एक वयोवृद्ध सभासद एवढेच म्हणाले, “कोणाचेच बरोबर आले नाही, तर त्या पैशांचे काय करणार?”

तरुण उत्तरला, “दुसऱ्या दिवसाच्या डब्यात जातील.”

“म्हणजे दुसऱ्या दिवशी डबा दुप्पट होणार. मग दहाचे वीस कोणी केले, तर त्याला तुम्ही काय सांगणार?”

योगायोग असा, की त्याच दुपारी, २२ नोव्हेंबरला, सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असे हरविले. सौदीचा विजय आमच्यापैकी एकानेही लिहिला नव्हता. डब्यात पैसे असते तर ते सारेच्या सारे पुढे सरकले असते. पैसे ठेवण्याची गोष्ट तेथेच संपली. पुढे १८ डिसेंबरला अर्जेंटिनानेच चषक जिंकला, तेव्हा पहिल्या दिवशी त्या संघावर रुसलेली मंडळी फळ्यापुढे गप्प उभी होती.

पैशाचा शिरकाव झाला की माणूस कशावरही पैज लावतो, हे आपल्या पश्चिम भारतास नवे नाही. मुंबईत एके काळी पावसावर पैजा चालत. १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्यात १८९० साली दुरुस्ती करून सरकारला तो बाजार बंद करावा लागला. ऑनलाइन खेळांतील पैशाच्या व्यवहारावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा तर २०२५ चा. पाऊस काय अन् चेंडू काय, बिचाऱ्यांचा त्यात दोष नाही.

स्पर्धा संपल्यावर मुलांनी जे केले ते आम्हांस भाकितांहूनही मोलाचे वाटते. घरात खेळण्यातले जोडठोकळे होते. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ साली ज्यांचे पेटंट घेतले, त्या जातीचे. आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तरी ते ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजले आहे. मुलांनी मात्र घर वा विमान बांधले नाही. प्रत्येक सामन्यास एक, असे चौसष्ट लाल ठोकळे घेऊन, सामन्यात एकूण जितके गोल झाले तितक्या क्रमांकाच्या रकान्यात त्यांनी ते रचले. शून्य गोलांचे सात सामने. एका गोलाचे दहा. दोन गोलांचे सतरा. तीन गोलांचे चौदा. त्यापुढे मनोरे एकदम ठेंगणे झाले: चार, सहा, तीन, दोन, आणि अगदी टोकाला इंग्लंडने इराणला ६-२ ने हरविले त्या सामन्याचा एकुलता एक ठोकळा. (जादा वेळेतील गोल धरले, निर्णायक पेनल्टी धरल्या नाहीत.)

एकूण गोल १७२, सामने ६४. म्हणजे सामन्यामागे सरासरी सुमारे २.६९. पॉयसन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली दिलेल्या सूत्रात ही एकच सरासरी घातली, की किती सामने किती गोलांचे असावेत हे निघते. प्रशियाच्या सैन्यात घोड्यांच्या लाथांनी मरणाऱ्या शिपायांना हेच सूत्र लागू पडते, असे बॉर्टकेविच यांनी १८९८ साली दाखविले होते. एका मुलाच्या आतेभावाने, जो महाविद्यालयात शिकतो, हिशेब करून दिला आणि लाल मनोऱ्यांमागे पिवळे मनोरे उभे राहिले. दोन गोलांपाशी पिवळे सोळा, लाल सतरा. तीन गोलांपाशी दोन्ही चौदा. चार गोलांपाशी मात्र सूत्र नऊ सांगे आणि लाल ठोकळे होते चारच. मुलांना तो खड्डा बुजवावयाचा मोह झाला होता. तो तसाच ठेवला, ह्याचे आम्हांस फार कौतुक वाटले. तेजी-मंदीचे तक्ते मांडून बसणाऱ्या कित्येक प्रौढांस एवढा संयम साधत नाही.

ह्या प्रतिकृतीपुढे उभे असताना स्याद्वादाची आठवण होणे साहजिक होते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायासंबंधी लिहिताना सप्तभंगीची चर्चा केली, आणि १९५७ मध्ये हाल्डेन यांनीही स्याद्वादावर लेख लिहिला. स्याद्वाद म्हणजेच संभाव्यतेचे गणित, असे आमचे काही उत्साही वक्ते व्यासपीठावरून सांगतात. ते आम्हांस मान्य नाही. स्याद्वाद कोणत्या अपेक्षेने विधान खरे, हे विचारतो. किती वेळा खरे, हे मोजत नाही. परंतु ‘स्यात्’ म्हणावयाची ज्याच्या जिभेला सवय आहे, त्याला ‘अर्जेंटिना जिंकेलच’ असे लिहिताना हात किंचित अडखळावा, एवढी अपेक्षा गैर नव्हे.

त्या वयोवृद्ध सभासदांनी सगळे मनोरे चष्मा वर करून पाहिले. पुढच्या खेपेस त्यांनीही चिठ्ठी टाकावी, असा मुलांनी हट्ट धरला. “टाकीन,” ते म्हणाले, “पण डबा असाच रिकामा ठेवा.” २०२६ च्या स्पर्धेसाठी संघ ४८ आणि सामने १०४ ठरले, हे कळताच मुलांनी लाल ठोकळे पुन्हा मोजावयास घेतले. चाळीस कमी भरले.